इंटरनॅशनलमधून उतरून डोमेस्टिक पकडायचंय, तर लाउंज कुठलं मिळेल?

"लांबच्या विमानातून बिझनेस क्लासने उतरणार, पुढचं डोमेस्टिक चार तासांनी, मग लाउंज मिळणारच ना?" हा प्रश्न जो तो विचारतो, निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे नाही म्हणतात, आणि वैताग म्हणजे दोघंही आपापल्या एअरपोर्टपुरते बरोबर असतात. कारण लाउंजचा, म्हणजे एअरपोर्टवर विमानाची वाट बघत आरामात बसायच्या वेगळ्या जागेचा, नियम एका जागी लिहिलेलाच नाहीये. थोडा अलायन्सच्या, म्हणजे एअरलाइन्सच्या गटाच्या, नियमांत आहे, थोडा एअरलाइनच्या, थोडा कार्डाच्या बारीक अक्षरांत, आणि मोठा भाग तर एअरपोर्टच्या भिंतींमध्येच आहे, म्हणजे इमिग्रेशन कुठे, सिक्युरिटी कुठे आणि तुमचं गेट त्याच्या अलीकडे की पलीकडे.

तर दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे. एक, लाउंजमध्ये शिरायचा हक्क मला नेमका कशामुळे मिळतोय. दोन, हातात डोमेस्टिकचा बोर्डिंग पास असताना मी त्या दारापर्यंत पोचू तरी शकतो का. पहिल्यावर लोक आठवडाभर खल करतात, दुसरा थेट विमानातून उतरल्यावर आठवतो. म्हणून इथे उलट्या क्रमाने जाऊ.

आधी एअरपोर्टचा नकाशा

बऱ्याच देशांमध्ये देश सोडताना पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का लागतो, त्यामुळे इंटरनॅशनल डिपार्चरचा भाग पूर्ण वेगळा, बंदिस्त असतो. फोटोत दिसणारी ती मोठी, चकचकीत, शॉवर आणि गरम जेवणवाली लाउंजेस बहुतेक वेळा याच भागात असतात. तुम्ही बाहेरून आलात, देशात शिरायचा शिक्का घेतलात आणि पुढचं तिकीट डोमेस्टिक असेल तर त्या भागात परत जायची वाटच नसते. तुमच्याकडे नेहमीच्या प्रवाशांना एअरलाइन देते ते स्टेटस प्लॅटिनम असो नाहीतर डायमंड, इमिग्रेशनचा अधिकारी डोमेस्टिक बोर्डिंग पास बघून आत सोडणार नाही. मग उरतं काय, तर डोमेस्टिक बाजूचं लाउंज, जे बरेचदा लहान आणि साधं असतं.

टोकियोचं हानेडा घ्या. इंटरनॅशनल विमानं मुख्यतः टर्मिनल ३ ला येतात, जपान एअरलाइन्सची डोमेस्टिक टर्मिनल १ वरून सुटतात, एएनएची (ऑल निप्पॉन एअरवेज) टर्मिनल २ वरून, आणि मध्ये फुकटची शटल बस आहे. टर्मिनल ३ मधलं मोठं लाउंज इमिग्रेशनच्या पलीकडे राहिलं, तुम्हाला मिळणार टर्मिनल १ चं डोमेस्टिक साकुरा लाउंज किंवा टर्मिनल २ चं एएनए लाउंज, जिथे पेयं आणि थोडा चटरपटर खाऊ असतो, जेवण धरून चालू नका. सिडनीला तर इंटरनॅशनल टर्मिनल १ धावपट्टीच्या एका बाजूला आणि डोमेस्टिकचे टर्मिनल २ आणि ३ दुसऱ्या बाजूला, चालत जायचा प्रश्नच नाही, ट्रेन नाहीतर ट्रान्सफर बस. अशा ठिकाणी इंटरनॅशनल लाउंजचा विचार डोक्यातून काढूनच टाकायचा.

अमेरिकेत सगळं उलटं. तिथे देश सोडताना इमिग्रेशन काउंटर नसतो, त्यामुळे डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल प्रवासी एकाच सिक्युरिटीतून आत जातात आणि एकाच हॉलमध्ये फिरतात. म्हणजे डोमेस्टिक बोर्डिंग पास घेऊनही इंटरनॅशनलवाल्यांच्या लाउंजच्या दाराशी पोचता येतं, प्रश्न फक्त हक्काचा राहतो. पण टर्मिनल आतून जोडलेले आहेत का ते बघा. अटलांटामध्ये सगळे कॉन्कोर्स सिक्युरिटीच्या आतल्या ट्रेनने जोडलेले आहेत, डॅलस फोर्ट वर्थला स्कायलिंक नावाची तशीच ट्रेन आहे, सॅन फ्रान्सिस्कोतही आतल्या आत जाता येतं. न्यूयॉर्कच्या जेएफकेला मात्र टर्मिनल बदलायचं म्हणजे बाहेर पडा, एअरट्रेन पकडा आणि परत सिक्युरिटी करा. तिथे दुसऱ्या टर्मिनलमधलं लाउंज कितीही भारी असलं तरी त्याच्या नादी लागू नका.

तिसरा प्रकार शेंगेनचा, म्हणजे आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपियन देशांच्या गटाचा. शेंगेनबाहेरून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला आलात आणि पुढे जर्मनीतच किंवा शेंगेनमधल्या दुसऱ्या देशात जायचं असेल तर दोन्ही सारखंच, पहिल्या शेंगेन एअरपोर्टवर पासपोर्ट कंट्रोल आणि मग पुढचा प्रवास डोमेस्टिकसारखा. चेक-इन केलेल्या बॅगेचं कस्टम्स युरोपियन युनियनमधल्या शेवटच्या एअरपोर्टवर होतं, त्यामुळे मध्ये बॅग उचलायची भानगड नाही. मोठ्या हबवर, म्हणजे जिथे बरेच लोक विमान बदलतात अशा एअरपोर्टवर, पासपोर्ट कंट्रोलच्या दोन्ही बाजूंना लाउंजेस असतात. फ्रँकफर्टला तर ए आणि झेड गेट्स एकाच इमारतीत वरखाली आहेत, ए शेंगेनची, झेड बाहेरची. इथे लोकांना मोह होतो की आधी अलीकडच्या बाजूला बसू, नंतर पासपोर्टची रांग लावू. माझं मत विचाराल तर कधीच नाही. रांग दहा मिनिटांची आहे की सत्तर मिनिटांची हे लाउंजच्या सोफ्यावर बसून कळत नाही, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बिगर-युरोपियन प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी ईईएस पद्धत सुरू झालीय, त्यामुळे रांगेचा अंदाज आणखीच अवघड. आधी रांग, मग लाउंज, ते पण ज्या बाजूला तुमचं गेट आहे त्याच बाजूचं.

आणि एक मधलाच प्रकार, लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल ५. तिथे डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल प्रवासी एकाच डिपार्चर हॉलमध्ये मिसळतात, फक्त डोमेस्टिकवाल्यांचा चेहऱ्याचा फोटो घेऊन गेटवर तो जुळवतात, म्हणजे बोर्डिंग पासची अदलाबदल करून कुणी देशात शिरू नये. त्यामुळे बाहेरून येऊन पुढे एडिनबरा किंवा ग्लासगोला जाणाऱ्यांना ब्रिटिश एअरवेजची तीच गॅलरीज लाउंजेस मिळतात जी इंटरनॅशनलवाल्यांना मिळतात.

आता हक्क कुठून येतो ते

चार वाटा आहेत, तिकिटाचा क्लास, अलायन्सचं स्टेटस, कार्ड किंवा मेंबरशिप, आणि सरळ पैसे भरणे. यात सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या दोन वाटांवर होतो.

मूळ तत्त्व एवढंच की लाउंज पुढच्या विमानासाठी असतं, आलेल्या विमानासाठी नाही. दारावरचा माणूस विचारतो तुम्ही इथून कशाने जाताय. म्हणून इकॉनॉमीचा डोमेस्टिक बोर्डिंग पास दाखवला की मागे तुम्ही बिझनेसने आलात हे त्याला आपोआप दिसतही नाही आणि बऱ्याच ठिकाणी त्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं. आता याला अपवाद आहेत आणि तेच तुमच्या कामाचे.

मोठे अलायन्स तीन, वनवर्ल्ड, स्टार अलायन्स आणि स्कायटीम, त्यांत वनवर्ल्डचा नियम सगळ्यात मोकळा. लांब पल्ल्याच्या इंटरनॅशनल विमानात तुम्ही फर्स्ट किंवा बिझनेसमध्ये असाल आणि त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ६ च्या आत, डोमेस्टिक किंवा छोट्या पल्ल्याचं वनवर्ल्डचं विमान पकडत असाल तर कनेक्शनच्या ठिकाणी लाउंज लांब विमानाच्या क्लासप्रमाणे धरतात, मग पुढचा तुकडा इकॉनॉमीचा का असेना. वरच्या स्टेटसवाल्यांचं, वनवर्ल्डमध्ये त्यांना सफायर आणि एमराल्ड म्हणतात, तर क्लास बघतच नाहीत, पुढचं विमान वनवर्ल्डचं असलं की झालं. त्यातला खोडा एकच, अमेरिकन एअरलाइन्स किंवा अलास्का एअरलाइन्सच्या फ्रीक्वेंट फ्लायर (नेहमीच्या प्रवाशांच्या) कार्यक्रमातून ज्यांचं स्टेटस आहे त्यांना अमेरिकेतल्या निव्वळ डोमेस्टिक प्रवासात हा फायदा नाही. पण त्याच दिवशी पात्र इंटरनॅशनल विमानातून उतरून पुढे जात असतील तर मिळतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला चालतं, घरच्या घरी फिरणाऱ्याला नाही.

स्टार अलायन्समध्ये गोल्ड स्टेटस असेल तर काम सोपं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे ५ पर्यंत त्या एअरपोर्टवरून सुटणाऱ्या स्टारच्या विमानाचा बोर्डिंग पास दाखवा, क्लास कुठलाही चालतो, सोबत एक पाहुणा. इथे पण तसाच खोडा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सचा, त्यांच्या स्वतःच्या गोल्ड मेंबरला त्यांचं युनायटेड क्लब नावाचं लाउंज इंटरनॅशनल प्रवासातच, दुसऱ्या एअरलाइनचा स्टार गोल्ड असेल तर मात्र डोमेस्टिकलाही. विचित्र आहे पण आहे. नुसत्या बिझनेस तिकिटावर असाल तर स्टारमध्ये जरा सांभाळून, हक्क मुख्यतः जिथून ते बिझनेसवालं विमान सुटतं तिथला असतो, पुढच्या कनेक्शनला काय ते एअरलाइनवर अवलंबून. याचं चांगलं उदाहरण युनायटेडचं पोलारिस लाउंज, जे त्यांच्या लांब पल्ल्याच्या पोलारिस बिझनेस क्लाससाठी आहे. युनायटेडच्या पोलारिस बिझनेसने उतरलात तर डोमेस्टिक कनेक्शनच्या वेळीही पोलारिस लाउंज मिळतं. त्याच जागी दुसऱ्या स्टार एअरलाइनच्या बिझनेसने उतरलात तर पोलारिस नाही, कारण पार्टनरच्या प्रवाशांना ते फक्त लांबचं विमान सुटण्याआधी मिळतं. सीट तीच झोपायची, पैसे कदाचित जास्त भरलेले, आणि दार वेगळं.

स्कायटीममध्ये एलिट प्लसला, म्हणजे त्यांच्या वरच्या स्टेटसला, लाउंज मिळायला प्रवासात त्याच दिवशी स्कायटीमचं इंटरनॅशनल विमान असलं पाहिजे. तुमच्या केसमध्ये ते असतंच, त्यामुळे डोमेस्टिक तुकड्यालाही हक्क लागू होतो, फक्त ते इंटरनॅशनल विमान होतं हे दाखवता आलं पाहिजे. त्याबद्दल खाली.

एक छुपा सापळा म्हणजे स्वस्तातली बिझनेस तिकिटं. एमिरेट्सचं बिझनेस स्पेशल आणि कतारचं बिझनेस लाइट या भाड्यांमध्ये सीट बिझनेसची पण लाउंज नाही. तिकीट घेताना भाड्याचं नाव वाचा, नुसतं बिझनेस लिहिलंय म्हणून खूश होऊ नका.

तिकीट काढतानाच बघायच्या गोष्टी

शक्य असेल तर दोन्ही तुकडे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की डोमेस्टिकवाल्या एअरलाइनला तुमच्या इंटरनॅशनल प्रवासाचा पत्ताच नसतो, बॅग थ्रू चेक, म्हणजे थेट शेवटच्या शहरापर्यंत, होईलच असं नाही, पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाची नाही, आणि लाउंजच्या दारावर तुमची कनेक्शनची कहाणी तुम्हालाच सांगत बसावी लागते.

दुसरं, डोमेस्टिक विमान खरं कोण उडवतंय ते बघा. कोडशेअरमध्ये नंबर एकाचा आणि विमान दुसऱ्याचं. वनवर्ल्ड म्हणतं की विमान विकणारी आणि उडवणारी दोन्ही वनवर्ल्डची पाहिजेत. आणि मोठ्या एअरलाइनची स्वस्तातली बहीण अलायन्समध्ये असेलच असं नाही, क्वांटास वनवर्ल्डमध्ये आहे पण तिचीच जेटस्टार नाही. बुकिंगच्या पानावर "ऑपरेटेड बाय" नावाची बारकी ओळ असते, तीच वाचायची.

तिसरं, तुमचा फ्रीक्वेंट फ्लायर नंबर दोन्ही तुकड्यांवर लागलाय का. एजंट किंवा ट्रॅव्हल साइटवरून तिकीट काढलं की बरेचदा तो पहिल्याच तुकड्यावर चिकटतो आणि दुसऱ्यावर राहून जातो. एअरलाइनच्या साइटवर बुकिंग उघडून प्रत्येक सेगमेंटखाली नंबर दिसतोय का ते बघा.

चौथं, दोन विमानांमधला वेळ. एअरलाइन जो किमान कनेक्शन टाइम देते तो फक्त विमान चुकू नये एवढ्यासाठी असतो, त्यात लाउंजचा हिशोब नाही. खरा वेळ कसा वितळतो बघा. समजा विमान सकाळी ६ ला टेकलं आणि पुढचं १० ला आहे. दार उघडून बाहेर पडेपर्यंत ६:२०. इमिग्रेशन संपेपर्यंत ७:१०. बॅग पट्ट्यावर यायला ७:३०. कस्टम्समधून निघून बॅग पुन्हा टाकेपर्यंत ७:५०. टर्मिनल बदलून ८:२०. सिक्युरिटी पार करून ८:४५. डोमेस्टिकचं बोर्डिंग साडेनऊच्या आसपास सुरू, गेट लांब असेल तर ९:२० ला उठायला हवं. म्हणजे चार तासांतले तुमचे पस्तीस मिनिटं. तेवढ्यात कॉफी आणि फोन चार्जिंग होतं, शॉवरची वेटिंग लिस्ट नाही. अडीच तासांचं कनेक्शन असेल तर लाउंज विसराच, पैसे भरून तर अजिबात घेऊ नका.

निघायच्या दिवशी

पहिल्या एअरपोर्टवर चेक-इनला दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या, कागदावर. मोबाइलमध्ये आहे ना, असं म्हणू नका, कारण कित्येक ॲप्स विमान उतरलं की मागचा बोर्डिंग पास गायब करतात, आणि नेमका तोच तुम्हाला पुढे पुरावा म्हणून लागतो. कागद नसेल तर निदान स्क्रीनशॉट. उतरताना सीटच्या खिशात बोर्डिंग पासचा उरलेला तुकडा टाकून यायची सवय असेल तर ती या प्रवासापुरती सोडा.

डोमेस्टिकच्या पासवर तुमचं स्टेटस छापून आलंय का ते तिथेच बघा. स्टार गोल्ड असेल तर फ्रीक्वेंट फ्लायर नंबराशेजारी गोल्डची खूण, वनवर्ल्ड असेल तर सफायर किंवा एमराल्ड, स्कायटीमला एलिट प्लस. नसेल तर काउंटरवरच नंबर घालून पास पुन्हा छापून घ्या.

हे एवढं का, तर लाउंजच्या दारावरचं मशीन तुमच्याशी गप्पा मारत नाही, ते फक्त बारकोड वाचतं. त्या चौकोनी कोडमध्ये ठरलेल्या क्रमाने नाव, पीएनआर, कुठून कुठे, एअरलाइन, विमानाचा नंबर, तारीख, क्लासचं एक अक्षर, सीट आणि त्यापुढे फ्रीक्वेंट फ्लायर कंपनी आणि नंबर अशी माहिती भरलेली असते. तारीख पण महिना-दिवस अशी नाही, तर वर्षाचा कितवा दिवस अशी तीन आकड्यांत, १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. आता मशीनला दिसतं काय, तर क्लासच्या जागी इकॉनॉमीचं अक्षर, नंबरची जागा रिकामी, म्हणून लाल दिवा. आणि विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर दिवसाचा आकडा एकने पुढे गेलेला, परत लाल दिवा. यात दारावरच्या माणसाचा काही राग धरण्यासारखं नाही, त्याला हाताने टाकता येतं, पण त्याला कारण तुम्ही द्यायचं.

उतरल्यावर

सगळ्यात आधी पाट्यांकडे लक्ष. ट्रान्सफर किंवा कनेक्शन्स लिहिलेल्या दोन वाटा असतात, इंटरनॅशनल ते इंटरनॅशनल आणि इंटरनॅशनल ते डोमेस्टिक. झोपेत माणूस गर्दीमागे जातो आणि चुकीच्या सिक्युरिटीच्या रांगेत उभा राहतो, तिथे डोमेस्टिक पास चालत नाही.

अमेरिकेत पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशन, बॅग उचलणे, कस्टम्स, बॅग पुन्हा टाकणे आणि पुन्हा सिक्युरिटी हे सगळं करावंच लागतं, बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी. बॅग टाकायचा पट्टा कस्टम्समधून बाहेर पडल्या पडल्याच असतो, म्हणून ड्यूटी फ्रीची बाटली, परफ्यूम, जे काही १०० मिलीच्या वरचं असेल ते बॅग हातात आल्यावर लगेच तिच्यात टाका, नाहीतर पुढच्या सिक्युरिटीला त्याच्यावरून वाद. पात्र असाल तर मोबाइल पासपोर्ट कंट्रोलचं ॲप फुकट आहे, त्याने रांग कमी होते आणि लाउंजचे दहा-वीस मिनिटं वाचतात.

याच्यात एक मस्त पळवाट आहे ती म्हणजे प्रीक्लिअरन्स. डब्लिन, शॅनन, अबू धाबी, टोरांटो, व्हँकुव्हर, नासाऊ अशा काही एअरपोर्टवर अमेरिकेचं इमिग्रेशन निघतानाच होतं आणि अमेरिकेत तुम्ही डोमेस्टिक प्रवाशासारखे उतरता, बॅग सरळ पुढे, सिक्युरिटी नाही, उतरलात की थेट लाउंज. ज्यांना हबवरच्या लाउंजमध्ये निवांत बसायचंय त्यांनी रूट निवडतानाच हे बघावं. फक्त निघतानाचं लाउंज प्रीक्लिअरन्सच्या आधी आहे की नंतर ते तपासा, डब्लिनला नंतरच्या भागात फिफ्टी फर्स्ट अँड ग्रीन नावाचं लाउंज आहे, बाकी लाउंजेस आधीच्या भागात, आणि एकदा पलीकडे गेलं की मागे येता येत नाही.

डोमेस्टिक बाजूला पोचलात की लगेच लाउंजकडे धावू नका, आधी स्क्रीनवर गेट बघा. काही टर्मिनलमध्ये त्याच एअरलाइनची दोन-तीन लाउंजेस असतात, गेटजवळचं निवडा. आणि जिथे एअरलाइनचं स्वतःचं लाउंज नसतं, दुसऱ्या कुणाचं भाड्याने वापरतात, तिथे बरेचदा एअरलाइनच्या काउंटरवरून एक चिठ्ठी किंवा कूपन घ्यावं लागतं. सिक्युरिटी पार केल्यावर हे लक्षात आलं तर परत बाहेर कोण जाणार, म्हणून ट्रान्सफर डेस्कवरच विचारून टाका, "पुढे लाउंजला काही इन्व्हिटेशन लागतं का?"

दारावर काय बोलायचं

डोमेस्टिक पास स्कॅन झाला तर प्रश्नच मिटला. लाल दिवा लागला तर लगेच दोन गोष्टी पुढे करा, आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास आणि स्टेटस असेल तर त्याचं कार्ड, आणि एका वाक्यात सांगा, आज सकाळी अमुक विमानाने बिझनेसमध्ये आलोय आणि त्याच तिकिटावर पुढे जातोय, तुमच्या अलायन्सच्या कनेक्शन नियमात बसतं, प्लीज एकदा बघा. लांबलचक भाषण नको, आवाज चढवायचा तर नाहीच. अलायन्सच्या साइटवर लाउंज शोधायचं पान असतं, त्यात त्या लाउंजचे नियम दिलेले असतात, त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला असेल तर काम पटकन होतं. तरी नाही म्हटलं तर सुपरवायझरशी बोलता येईल का असं शांतपणे विचारा. तरीही नाही, तर सोडा, घरी जाऊन दोन्ही पास जोडून एअरलाइनला लिहा. दारावर अर्धा तास हुज्जत घालून जे मिळतं त्यातला अर्धा तास तर गेलेलाच असतो.

पाहुण्यांचं म्हणाल तर स्टार गोल्ड आणि वनवर्ल्डच्या सफायर-एमराल्डला एक पाहुणा, पण तो पण त्याच अलायन्सच्या विमानाने जाणारा हवा. नुसत्या बिझनेस तिकिटावर पाहुणा नाही. चौघांचं कुटुंब, एकाकडे स्टेटस, म्हणजे दोघं आत दोघं बाहेर, हे आधी ठरवून ठेवा नाहीतर दारात महाभारत. मुलांचा नियम प्रत्येक लाउंजचा वेगळा, तान्हं बाळ सहसा मोजत नाहीत.

कार्डवाल्यांसाठी

प्रायॉरिटी पास, ड्रॅगनपास, लाउंजकी ही लाउंज मेंबरशिपची नावं, बरेचदा क्रेडिट कार्डासोबत मिळणारी, यांना तुम्ही कुठून आलात, कुठल्या क्लासने आलात याच्याशी काही मतलब नसतो, त्यामुळे कनेक्शनचा सगळा वादच इथे येत नाही आणि या कामाला मला तेच सोपे वाटतात. इथे भिंतीचा प्रश्न तेवढा राहतो. ॲपमध्ये प्रत्येक लाउंजच्या पानावर जागा लिहिलेली असते, कुठलं टर्मिनल, सिक्युरिटीच्या आत की बाहेर, डोमेस्टिक की इंटरनॅशनल डिपार्चर. ती ओळ वाचा, एअरपोर्टच्या नावाखाली आठ लाउंजेस दिसतात म्हणून हुरळून जाऊ नका, त्यातली सात इंटरनॅशनल बाजूला असू शकतात. अनेक ठिकाणी ३ तासांची मर्यादा असते, आणि गर्दी असली की कार्डवाल्यांनाच आधी थांबवतात, सकाळी ६ ते ९ मध्ये हे फार होतं. आगाऊ बुकिंगची सोय असेल आणि वेळ नक्की असेल तर करा. नाहीतर त्या थोड्या पैशांवर पाणी सोडायची तयारी ठेवा, कारण इमिग्रेशनची रांग तुमच्या बुकिंगची वेळ बघून चालत नाही.

एअरलाइनच्या क्लबची पण वेळमर्यादा असते. डेल्टाच्या स्काय क्लबमध्ये विमानाच्या ३ तास आधीच सोडतात, पण कनेक्शनवाल्यांना ही अट नाही. म्हणून तिथे पण मागच्या विमानाचा पास हाताशी असू द्या.

अंघोळच पाहिजे असेल तर

खरं सांगायचं तर रात्रभराच्या प्रवासानंतर बहुतेकांना जेवण नको असतं, पाणी अंगावर घ्यायचं असतं, आणि डोमेस्टिक लाउंजमध्ये शॉवर असेलच याची खात्री नाही. मग दुसरा पर्याय म्हणजे अरायव्हल्स लाउंज, जे कस्टम्सच्या बाहेर असतं आणि आलेल्या विमानाच्या जोरावर मिळतं, म्हणजे नेहमीच्या नियमाच्या बरोबर उलट. हीथ्रोच्या टर्मिनल ५ ला ब्रिटिश एअरवेजचं आहे, फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं वेलकम लाउंज आहे. ही लाउंजेस पहाटे उघडतात आणि दुपारनंतर बंद होतात, शिवाय बरीचशी फक्त फर्स्ट, बिझनेस आणि त्या एअरलाइनच्या वरच्या स्टेटसला. पण तिथे जायचं म्हणजे पूर्ण बाहेर पडायचं, आणि परत सिक्युरिटीतून आत, तेव्हा पाच तासांच्या खालच्या कनेक्शनला मी सुचवणार नाही. काही एअरपोर्टवर पैसे देऊन वापरायची शॉवर रूम बाहेरच्या भागात असते, ती बरी पडते.

डोमेस्टिक लाउंजमध्ये शॉवर असेल तर आत शिरल्या शिरल्या आधी नाव लिहा, मग खुर्ची शोधा. उलट केलंत तर बोर्डिंगच्या वेळी नंबर येतो. कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग तर केव्हाच पट्ट्यावर गेलेली असते.

आणि आत बसल्यावर अनाउन्समेंटची वाट बघू नका. बहुतेक लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा होतच नाही, आणि डोमेस्टिकचं गेट बदलतं पण पटकन आणि बंदही लवकर होतं. फोनमध्ये गजर लावा, स्थानिक वेळेचा, फोनने वेळ बदललीय ना ते बघून. विमान लेट झालं तर उठायच्या आधी डेस्कवर विचारा की बाहेर जाऊन परत आलो तर चालेल का, कारण काही लाउंजमध्ये एका पासवर एकदाच प्रवेश असतो. आणि पुढचं डोमेस्टिक रद्द होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी १० चं मिळालं तर लक्षात ठेवा, पहाटे ५ किंवा ६ ची ती सीमा ओलांडली की आजच्या बिझनेसच्या पासचा उद्या उपयोग नाही. अशा वेळी लाउंजच्याच डेस्कवर रीबुकिंग करून घ्या, बाहेरच्या काउंटरपेक्षा तिथे रांग कमी असते, आणि नवा बोर्डिंग पास हातात घेताना फ्रीक्वेंट फ्लायर नंबर परत घालायला सांगा, रीबुकिंगमध्ये तो हमखास गळतो.